बागेतल्या शेडला सीडरच्या शिंगल्स कशा बसवाव्यात

शिंगल म्हणजे छपरावर किंवा भिंतीवर ओळींनी, एकीवर एक चढवत ठोकायची पातळ लाकडी पट्टी. पावसात भिजलेली सीडरची शिंगल वरून आणि खालून सारखी सुकली, तर वर्षानुवर्षे चालते. नुसती वरून सुकली तर द्रोणासारखी वळते, मधोमध चिरते आणि पाठीकडून कुजू लागते. अवजारांची खोली, सरपणाची शेड, पंपघर, कोंबड्यांचे खुराडे असल्या छोट्या बांधकामांवर शिंगल्स बसवताना घ्यायचे बहुतेक निर्णय या एकाच गोष्टीवरून ठरतात: खाली फळ्या कशा ठोकायच्या, दोन शिंगल्समध्ये फट किती सोडायची, खिळा कुठे मारायचा, वरून काय लावायचे. हे लक्षात असले की पुढची मापे पाठ करावी लागत नाहीत.

माल ओळखताना

‘सीडर’ म्हणून मिळणाऱ्या शिंगल्स बहुतेक वेळा वेस्टर्न रेड सीडरच्या असतात. झाडाचे शास्त्रीय नाव थुजा प्लिकाटा. ब्रिटिश कोलंबिया, वॉशिंग्टन, ओरेगॉन अशा पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या ओल्या जंगलांत ते वाढते. नावात सीडर असले तरी हिमालयातल्या देवदाराचे ते सख्खे भावंड नव्हे. ते सायप्रसच्या कुळातले. त्याच्या गाभ्यात थुजाप्लिसिन नावाची द्रव्ये असतात, ती बुरशीला थोपवतात. सालीजवळच्या पांढरट लाकडात ती नसतात. म्हणून शिंगलमध्ये पांढरा पट्टा दिसला की तिथून कुजायला सुरुवात होणार, हे आधीच समजावे.

शिंगल आणि शेक यांतही गल्लत होते. शिंगल दोन्ही अंगांनी करवतीने कापलेली, गुळगुळीत, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला कागदासारखी पातळ असते. शेक लाकूड फोडून काढतात, ती जाड आणि खडबडीत असते. तिच्या प्रत्येक दोन ओळींमध्ये फेल्टची, म्हणजे डांबर मुरवलेल्या जाड कागदाची, पट्टी सरकवावी लागते. लहान शेडवर शेक अंगापेक्षा मोठा सदरा घातल्यासारखी दिसते. इथे शिंगलच शोभते, आणि बसवायलाही सोपी.

उत्तर अमेरिकेत १९१५ पासून काम करणाऱ्या सीडर शेक अँड शिंगल ब्युरोची प्रतवारी सर्वत्र ओळखली जाते. निळे लेबल म्हणजे पहिली प्रत: पूर्ण गाभ्याचे लाकूड, एकही गाठ नाही, सगळ्या रेषा उभ्या. लाल लेबल म्हणजे दुसरी प्रत. त्यात १६ इंची शिंगलचा जाड टोकाकडचा १० इंच भाग स्वच्छ असतो. वर गाठी, आडव्या रेषा आणि थोडे पांढरे लाकूड चालते. काळे लेबल म्हणजे तिसरी प्रत, स्वच्छ भाग फक्त ६ इंच. छपराला निळे लेबलच घ्यावे. भिंतीला लाल लेबल पुरते, कारण उभ्या भिंतीवर पाणी थांबत नाही. काळे लेबल फार तर पहिल्या ओळीखाली दडणाऱ्या थरासाठी वापरावे. शेड छोटी असल्याने प्रतीतल्या फरकाचे पैसे एकूण खर्चात फारसे जाणवत नाहीत, आणि तिथेच काटकसर केलेली पुढे महाग पडते.

उभ्या रेषेला एवढे महत्त्व का? वार्षिक वलये शिंगलच्या पृष्ठभागाला काटकोनात असली की लाकूड रुंदीत कमी फुगते आणि सपाट राहते. वलये पृष्ठभागाला समांतर असली की दोन अंगे वेगवेगळी आकसतात आणि कडा उचलल्या जातात. शिंगलच्या जाड बुडाकडे पाहिले की हा फरक लगेच दिसतो: उभ्या रेषेच्या मालात बारीक दात असल्यासारख्या रेघा, आडव्या रेषेच्या मालात धनुष्याकृती.

लांबी तीन प्रकारची मिळते: १६, १८ आणि २४ इंच. १६ इंची शिंगलचे बूड ०.४० इंच जाड, म्हणजे पाच बुडे एकावर एक ठेवली की २ इंच भरतात. लहान छपरावर १६ इंचीच घ्यावी. २४ इंचीच्या रुंद ओळी आठ फुटी शेडवर बोजड वाटतात.

उतार आणि उघडा भाग

प्रत्येक ओळीचा जो भाग शेवटी डोळ्यांना दिसतो त्याला इथे ‘उघडा भाग’ म्हणू. छपरावर कुठल्याही ठिकाणी तीन थर असावेत हा नियम, म्हणून उघडा भाग लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी ठेवतात. पहिल्या प्रतीसाठी, १२ इंच आडव्या अंतराला ४ इंच किंवा जास्त चढ असेल तर १६ इंचीला ५ इंच, १८ इंचीला साडेपाच, २४ इंचीला साडेसात. चढ ३ ते ४ इंच असेल तर हीच मापे पावणेचार, सव्वाचार आणि पावणेसहा इंचांवर आणावी लागतात, आणि माल तेवढा जास्त लागतो. ३ इंचांहून कमी चढावर शिंगल्स बसवूच नयेत. तिथे पाणी रेंगाळते, वाऱ्याने वर सरकते, आणि लाकडाला सुकायला उसंत मिळत नाही. शेड अजून कागदावर असेल तर १२ ला ६ किंवा त्याहून जास्त चढ धरा.

हिशोब आधी, शिडी नंतर

उदाहरण म्हणून ८ × १० फुटांची दुपाखी शेड घेऊ. चढ १२ ला ६, आढे १० फुटांच्या बाजूला समांतर, चारही बाजूंना अर्धा फूट छप्पर बाहेर. आढ्याची लांबी ११ फूट. अर्ध्या पाख्याचे आडवे माप साडेचार फूट, त्याला या चढाचा गुणक १.११८ लावला की तिरके माप ५.०३ फूट. एका पाख्याचे क्षेत्रफळ सुमारे ५५ चौरस फूट, दोन्हींचे मिळून १११. सगळ्यात खालची ओळ दुहेरी असते, तिच्यासाठी २२ फूट लांबीला ९ चौरस फूट धरा. एकूण १२०, त्यात १० टक्के तूट मिळवली की १३२. १६ इंची शिंगलचा एक गठ्ठा ५ इंच उघड्या भागाला २५ चौरस फूट झाकतो. चार गठ्ठ्यांचा एक ‘स्क्वेअर’, म्हणजे १०० चौरस फूट. हिशोब ५.३ गठ्ठ्यांचा येतो, म्हणून ६ आणा.

आता ओळी. तिरके माप ६०.४ इंच, खाली वळचणीबाहेर दीड इंच, मिळून सुमारे ६२ इंच. ५ इंचांनी भागले तर १२.४ ओळी, म्हणजे आढ्याजवळ दोन इंचांची बारकी पट्टी उरणार. ती कुरूप दिसते आणि खिळ्यालाही धड जागा मिळत नाही. त्याऐवजी १३ ओळी धरा, उघडा भाग पावणेपाच इंच येतो. कमाल मापापेक्षा कमी केव्हाही चालते, जास्त कधीच नाही. या कमी मापाने माल पाच टक्के जास्त लागेल; सहा गठ्ठ्यांत तोही बसतो.

शिंगल्स वेगवेगळ्या रुंदीच्या येतात. सरासरी साडेचार इंच धरली तर चौरस फुटाला सहा शिंगल्स आणि बारा खिळे पडतात. या शेडला साधारण १७०० खिळे लागतील, थोडे जास्तच आणावेत.

खालच्या रिपा

शेडला सगळ्यात चांगला पाया म्हणजे वाशांवर आडव्या ठोकलेल्या, मध्ये फट असलेल्या रिपा. रिपांमधून हवा शिंगलच्या पाठीला लागते, आणि आतून वर पाहिले की लाकडाच्या ओळीच दिसतात, प्लायवूडचा शिक्का नाही. त्या पाऊण इंच जाड आणि साडेतीन इंच रुंद घ्या. दोन रिपांच्या मध्यांतले अंतर उघड्या भागाएवढेच ठेवायचे; आपल्या उदाहरणात पावणेपाच इंच, म्हणजे मधली फट सव्वा इंच.

पहिली रीप कुठे बसवायची हे मात्र नीट काढावे लागते, कारण प्रत्येक खिळा रिपेच्या मध्याजवळ पडला पाहिजे. खिळा बुडापासून उघडा भाग अधिक दीड इंच इतका वर असतो. इथे पावणेपाच अधिक दीड म्हणजे सव्वासहा इंच. त्यातला दीड इंच वळचणीबाहेर लोंबतो. म्हणून खिळ्यांची पहिली रेघ वासा संपतो तिथून पावणेपाच इंच वर येते, दुसरी साडेनऊवर, तिसरी सव्वाचौदावर. याच रेघांवर रिपांचे मध्य आणा. वळचणीच्या अगदी कडेला ३ इंच रुंदीची एक जादा पट्टी बसवा. सुरुवातीच्या थराचे खिळे तिच्यात जातात. आढ्याजवळचा शेवटचा फूटभर भाग फटी न ठेवता भरून काढा, तिथे आढे झाकणाऱ्या शिंगल्सचे, म्हणजे टोप्यांचे, खिळे कुठेही पडू शकतात.

सलग प्लायवूड आधीच ठोकलेले असेल तर ते उपटण्याची गरज नाही. त्यावर फेल्ट घाला, मग वाशांच्या रेषेत उभ्या पट्ट्या आणि त्यांवर आडव्या रिपा. उंची वाढवायची नसेल तर शिंगलखाली अंथरण्याची नायलॉनच्या गुंतवळ्याची जाळी मिळते. ती पाठीमागे हवेला वाट ठेवते. शिंगल थेट फेल्टवर ठोकली तर पाठ ओलीच राहते. खुल्या रिपांवर फेल्ट लागत नाही, आणि घातला तर हवेचा सगळा फायदा गेला.

खिळे

छप्पर बहुधा खिळ्यांमुळे बिघडते, लाकडामुळे क्वचित. सीडरमध्ये टॅनिन भरपूर असते. साध्या लोखंडाचा आणि त्याचा ओलाव्यात संबंध आला की निळसर काळे ओघळ उतरतात, आणि खिळाही गंजून झिजतो. विजेच्या प्रक्रियेने पातळ जस्त चढवलेल्या चकचकीत खिळ्यांवर भरवसा ठेवू नका. वितळलेल्या जस्तात बुडवलेले, थोडे खडबडीत दिसणारे खिळे चालतात. स्टेनलेस स्टीलचे ३०४ प्रतीचे त्याहून चांगले. खाऱ्या हवेत ३१६ प्रत. संरक्षक द्रव्य मुरवलेल्या शिंगल्स घेतल्या तर स्टेनलेसशिवाय दुसरा विचारच नको.

लांबी सव्वा इंच. खिळ्याच्या जागी वरची शिंगल आणि तिच्याखालची मिळून सुमारे ०.४२ इंच जाडी भरते, उरलेला खिळा पाऊण इंची रीप पार करून खाली जेमतेम सूतभर (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) डोकावतो. तेवढी पकड पुरेशी आहे आणि आत डोक्याला टोचतही नाही. २४ इंची शिंगलला दीड इंची खिळा घ्यावा.

प्रत्येक शिंगलला दोनच खिळे, ती ३ इंच रुंद असो वा ९ इंच. कडेपासून पाऊण इंच आत, पुढच्या ओळीचे बूड जिथे येणार त्याच्या दीड इंच वर. मध्ये तिसरा खिळा मारला की शिंगल आकसताना दोन बाजूंनी ओढली जाते आणि त्या खिळ्यापाशीच फाटते. खिळ्याचे डोके पृष्ठभागाला नुसते टेकावे. हवेच्या दाबावरच्या बंदुकीने काम करताना सगळ्यात जास्त होणारी चूक हीच: दाब जास्त, डोके लाकडात रुतते, तंतू तुटतात, आणि शिंगल फक्त नावाला धरलेली राहते. आधी टाकाऊ तुकड्यांवर दाब जुळवून घ्या, दुपारपर्यंत लाकूड तापले की पुन्हा तपासा.

ओळी चढवताना

हत्यारे फार लागत नाहीत: हातोडी किंवा शिंगलची कुऱ्हाड, धारदार सुरी, छोटा रंधा, गुण्या, रंगाची दोरी, बारीक दातांची करवत. दोरीला निळी पूड वापरा. लाल पूड लाकडात कायमची बसते. शिंगल रेषेच्या दिशेने सुरीने एकदा-दोनदा ओरखडून हाताने मोडली की सरळ तुटते, करवत फक्त आडव्या कापाला. कापताना तोंडावर धुळीचा मुखवटा हवाच. या लाकडाच्या धुळीत प्लिकॅटिक आम्ल असते, त्याने दमा जडल्याची उदाहरणे लाकूडकामगारांत चांगली नोंदलेली आहेत. वास कितीही छान असला तरी.

सुरुवातीला पाख्याच्या दोन्ही टोकांना एकेक शिंगल अशी ठोका की तिचे बूड वळचणीच्या फळीबाहेर दीड इंच येईल. पन्हळ लावायची असेल तर एक इंच पुरे. दोन्हींच्या बुडांमध्ये दोरी ताणा आणि पहिला थर त्या दोरीवर भरून घ्या. बाजूच्या तिरक्या कडांना पाऊण ते एक इंच बाहेर. याच थरावर, त्याच बुडांच्या रेषेत, दुसरा थर. खालच्या थराचे सांधे वरच्या शिंगल्सनी किमान दीड इंचाने झाकले पाहिजेत.

दोन शिंगल्समध्ये दोन ते तीन सूत फट सोडा. घाबरू नका, पाणी या फटीतून खालच्या शिंगलवर पडते आणि तिथून बाहेर वाहते. फट नसेल तर पहिल्याच पावसात शिंगल्स फुगतात, एकमेकींना रेटतात आणि कमान करून वर उठतात. माल अजून ओला, कारखान्यातून ताजा आलेला असेल तर फट कमी चालते, कारण सुकल्यावर ती आपोआप वाढते. गठ्ठा हातात जड लागला तर माल ओला समजावा.

सांध्यांचा नियम असा: लागून असलेल्या दोन ओळींतले सांधे किमान दीड इंच इकडेतिकडे, आणि सलग तीन ओळींत कुठलेही दोन सांधे एका रेषेत नकोत. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीचा सांधा एका रेषेत आला आणि मधली शिंगल पुढे त्याच जागी चिरली, की पाण्याला सरळ खाली वाट मिळाली. गळणारे शिंगल छप्पर उकलले की बरेचदा हेच सापडते. त्यामुळे हातात येईल ती शिंगल ठोकत सुटू नका. पाच-सहा जणी मांडून पाहा आणि जी सांध्याला चुकवते ती निवडा. १० इंचांहून रुंद शिंगल मधोमध फोडून दोन करा, आडव्या रेषेची असेल तर ८ इंचांवरच फोडा. ती आज ना उद्या स्वतःच फाटणार, मग आपण ठरवलेल्या जागी फाटलेली बरी. ३ इंचांहून अरुंद तुकडे छपरावर वापरू नका. आडव्या रेषेची शिंगल वापरावीच लागली तर तिच्या मधल्या गाभारेषेवर वरचा-खालचा सांधा येऊ देऊ नका.

दुसऱ्या ओळीपासून सरळ पट्टीचा आधार घ्या. पावणेपाच इंचांवर दोरी मारा, तिच्यावर एक सरळ फळी दोन खिळ्यांनी तात्पुरती अडकवा आणि शिंगल्सची बुडे तिच्यावर टेकवत जा. प्रत्येक तीन-चार ओळींनंतर आढ्यापासूनचे अंतर दोन्ही टोकांना मोजा. एका टोकाला अर्धा इंच फरक आढळला तर तो पुढच्या चार ओळींत दर ओळीला एकेक सूत असा जिरवून टाका. एकाच ओळीत सारा फरक काढला की तो रस्त्यावरूनही दिसतो.

गठ्ठे एकामागोमाग एक संपवू नका. तीन-चार उघडून त्यांतल्या शिंगल्स मिसळा. रंगांत फरक असतो, नाहीतर छपरावर ठिगळे दिसतात. गठ्ठे जमिनीपासून उचलून, वरून झाकून पण बाजूने उघडे ठेवावेत. ओल्या शिंगल्सवर पाय घसरतो, तेव्हा दव असताना चढू नका. लहान शेडला तसेही बहुतेक काम बाजूच्या मचाणावरून होते.

शेडचे छप्पर दुसऱ्या भिंतीला टेकत असेल तर प्रत्येक ओळीबरोबर काटकोनात वाकवलेला पत्र्याचा एक तुकडा घाला: ४ इंच भिंतीवर, ४ इंच छपरावर, लांबी उघड्या भागापेक्षा दोन-तीन इंच जास्त. एकच लांब पट्टी लावून वर सिलिकॉन फासले की दोन-तीन उन्हाळ्यांत सिलिकॉन सुटते आणि पाणी आत शिरते. पत्रा रंग दिलेला किंवा स्टेनलेस घ्या. तांब्याचा मोह होतो, पण सीडरवरून उतरणारे आम्लयुक्त पाणी एकाच जागी थेंबथेंब पडत राहिले तर तांबे तिथे झिजत जाते.

आढे

शेवटच्या ओळी आढ्याच्या वर गेल्या की दोन्ही बाजू आढ्याच्या रेषेत करवतीने कापून घ्या. वरून ८ इंच रुंदीची फेल्टची पट्टी दुमडून टाका. त्यावर टोप्या. तयार टोप्या मिळतात, नाहीतर ४-५ इंच रुंदीच्या शिंगल्सच्या जोड्या लावून घरीही होतात. घरी करताना जोडीतली एक शिंगल दुसरीवर येते. ही बाजू प्रत्येक टोपीला आलटूनपालटून बदलायची, म्हणजे सांध्यांची एकच रेघ तयार होत नाही. कडेला रंध्याने छपराच्या कोनाएवढा उतार द्या. वारा ज्या बाजूने जास्त येतो तिच्या उलट टोकाकडून सुरुवात करा, पहिली टोपी दुहेरी ठेवा. ११ फुटांना पावणेपाच इंचांनी २८ टोप्या, एक सुरुवातीची, शिवाय दोन-तीन जादा. इथे थर जास्त असतात, म्हणून खिळे २ इंची.

एकपाखी शेडला आढे नसते. वरच्या कडेला पत्र्याची झाकणपट्टी लावा: छपरावर ४ इंच, पुढून २ इंच खाली, टोकाला किंचित बाहेर वळवलेली.

भिंती

भिंतीवर दोन थर पुरतात, त्यामुळे १६ इंची शिंगलचा उघडा भाग ७ इंचांपर्यंत ठेवता येतो. खिळे पुढच्या बुडाच्या एक इंच वर, कडेपासून पाऊण इंच. ८ इंचांहून रुंद शिंगल असेल तर मधल्या भागात एकमेकांपासून इंचभर अंतरावर आणखी दोन खिळे. छपरावरचा दोन खिळ्यांचा नियम इथे सैल होतो, कारण भिंत एवढी भिजत-सुकत नाही. फट एक ते दोन सूत.

भिंतीचे खरे कौशल्य ओळी वाटण्यात आहे. एका सरळ पट्टीवर खालची रेघ, खिडकीची तळकड, खिडकीचा माथा, दाराचा माथा आणि छताची कड यांच्या खुणा करा. मग ओळी अशा वाटा की खिडकीच्या खाली-वर अख्खी ओळ येईल. समजा उंची ७८ इंच आहे. ७ इंचांनी भागले तर अकराच्या थोडे वर, म्हणून १२ ओळी, साडेसहा इंचांच्या. खिडकीशी जुळवायला खालच्या ओळी पावणेसात आणि वरच्या सव्वासहा केल्या तरी डोळ्याला कळत नाही. खिडकीखाली दोन इंचांची कातरण आली तर मात्र ती लगेच कळते. हीच पट्टी चारही कोपऱ्यांवर नेऊन खुणा उमटवा. पट्टी उलटी धरली जाऊ नये म्हणून वरच्या टोकाला बाण काढून ठेवा, हा सल्ला हसण्यासारखा वाटला तरी.

कोपऱ्यांना दोन पर्याय. शिंगल्स आलटूनपालटून एकमेकींवर आणून विणायच्या, किंवा कोपऱ्याला उभ्या फळ्या लावून शिंगल्स त्यांना टेकवायच्या. विणलेला कोपरा देखणा, पण प्रत्येक शिंगल रंध्याने जुळवावी लागते. फळ्या लावल्या तर त्या एक ते सव्वा इंच जाड हव्यात. पाऊण इंची फळी ७ इंच उघड्या भागाच्या शिंगल्सच्या बुडांशी नेमकी समपातळीत येते, आणि कोपरा चपटा, अर्धवट वाटतो. दार-खिडकीच्या माथ्यावर पत्र्याची थेंबपट्टी विसरू नका.

सगळ्यात खालची ओळ जमिनीपासून किमान ६ इंच वर. त्याखाली उडणारे पाणी आणि माती लाकडाला सतत ओले ठेवते. भिंतीलगत खडीचा फूटभर पट्टा केला की शिंतोडेही कमी होतात. भिंतीला आतून काही भरायचे नसेल तर उभ्या खांबांवर थेट आडव्या रिपा मारून शिंगल्स ठोकता येतात. प्लायवूडची भिंत असेल तर वाफ बाहेर जाऊ देणारा कागद आणि त्यावर छपरासाठी सांगितली तीच जाळी.

रंग, शेवाळ आणि आग

काहीच न लावलेले सीडर पहिल्या काही महिन्यांत तपकिरी होते, मग करडे, पुढे चंदेरी. उन्हातले अतिनील किरण लाकडातले लिग्निन तोडतात आणि पाऊस ते धुऊन नेतो. हा बदल वरच्यावरच असतो. करडा रंग आवडत असेल तर काहीही लावू नका, हा आमचा सरळ सल्ला. मूळ रंग टिकवायचा असेल तर रंगद्रव्य असलेले, लाकडात मुरणारे तेल घ्या. शिंगल्स ठोकण्याआधी त्यात बुडवून दोन्ही अंगे भिजवली तर उत्तम. वर पापुद्रा धरणारे व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन छपरावर नको. पाठीकडून येणारी ओल पापुद्र्याखाली अडते, मग तो फुगतो आणि सोलतो. भिंतीला रंगच द्यायचा असेल तर आधी टॅनिन अडवणारा प्रायमर, नाहीतर पांढऱ्या रंगातून तपकिरी डाग वर येतात.

शेवाळ सावलीत आणि पाचोळा साचतो तिथे धरते. वरच्या फांद्या छाटा, फटींतला पाचोळा मऊ झाडूने काढा. आढ्याखाली जस्ताची पट्टी दीड-दोन इंच उघडी राहील अशी बसवली तर पावसाबरोबर उतरणारे क्षार शेवाळाला रोखतात. दाबाच्या पाण्याने छप्पर धुऊ नका, मऊ तंतू उडून जातात आणि शिंगलचे आयुष्य कमी होते. मळ काढायला सोडियम परकार्बोनेटचे पाणी आणि नरम ब्रश, लोखंडाच्या काळ्या डागांना ऑक्झॅलिक आम्ल. हातमोजे घालूनच, आणि नंतर भरपूर पाण्याने धुवून.

आगीबाबत सीडर गुणी नाही. जंगलातल्या वणव्यांच्या पट्ट्यात, शेडमध्ये शेगडी-धुराडे असेल तिथे, किंवा घराला खेटून शेड असेल तर साध्या शिंगल्स छपरावर घालू नका. कारखान्यात दाबाने अग्निरोधक द्रव्य मुरवलेल्या शिंगल्स मिळतात, त्यांना ‘बी’ किंवा ‘सी’ श्रेणी असते. वरून फवारलेल्या द्रव्याला तसा भरवसा नाही, पावसाने ते धुपते. काही ठिकाणी लाकडी छपरावर बंदीच असते, म्हणून माल आणण्याआधी तिथला नियम पाहावा. द्रव्य मुरवलेल्या मालाचे तुकडे चुलीत जाळू नका. साध्या मालाच्या कातरणी मात्र जपून ठेवा, दाराची चौकट ओळंब्यात बसवायला पाचरी म्हणून त्यांच्यासारखे काही नाही.

एखादी शिंगल फुटली तर

पटाशीने तिचे उभे तुकडे करा आणि एकेक ओढून काढा. वरच्या ओळीखाली लपलेले जुने खिळे हॅकसॉचे नुसते पाते आत सरकवून कापा. फटीपेक्षा चार सूत अरुंद अशी नवी शिंगल कापा, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन सूत मोकळे राहतील. ती आत सरकवा, पण बूड ओळीच्या रेषेपासून अर्धा इंच खाली राहू द्या. वरच्या शिंगलच्या बुडाला अगदी लागून, वरच्या दिशेला तिरके असे दोन खिळे मारा. आता बुडाखाली लाकडाचा ठोकळा धरून शिंगल हलक्या ठोक्यांनी अर्धा इंच वर रेषेत चढवा. खिळे वाकून शिंगलबरोबर वर सरकतात आणि त्यांची डोकी वरच्या ओळीखाली झाकली जातात.